कडेची आठवण

बर्फ हवा होता, आणि तो पद्मजाच्या हाताशी होता. फक्त फ्रीजचं दार उघडायचं होतं.

शाल्मली झोक्यावरून पडून रडत घरात आली तेव्हा तिच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं. पद्मजा तिला घेऊन स्वयंपाकघरात धावली, फ्रीजच्या मुठीला हात घातला आणि तिथंच थिजली. आतल्या यंत्राची बारीक घरघर बोटांतून वर चढत खांद्यापर्यंत आली. पाय गारठले. लेक शेजारी कपाळ धरून उभी आहे हे तिला दिसत होतं, पण तिच्यापर्यंत पोचायची वाटच जणू बंद झाली होती.

शाल्मलीचं रडणं थांबलं. तिनं आईकडे एकदा पाहिलं, जेवणाच्या टेबलापासची खुर्ची ओढत आणली, वर चढली आणि बर्फाचा ट्रे स्वतःच काढला.

"आई, तू बाहेर जाऊन बस," ती म्हणाली. "मी लावते माझं."

मुलगी सात वर्षांची होती. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि पद्मजाला तेच जास्त लागलं. आईला सांभाळून घ्यायचं असतं हे पोरगी कधी शिकली, याचा तिला पत्ताच लागला नव्हता.

त्या संध्याकाळी अभिनंदन दुकान बंद करून आत आला तेव्हा ती म्हणाली, "मी शमन करून घेणार आहे."

शमन हा शब्द आताशा कुणाला नवा राहिला नव्हता. मोतीबिंदू काढून घ्यावा तितक्या सहजपणे लोक मनातलं भय काढून घेत होते. अपघातातून वाचलेले, अग्निशामक दलातले जवान, अवघड बाळंतपणातून उठलेल्या बायका, सगळे. मिरज पूर्वीपासून दवाखान्यांचं गाव, त्यामुळं तिथं त्याचं एक मोठं केंद्र निघालं होतं. पद्मजा इतकी वर्षं तिकडं फिरकली नव्हती, कारण आपण सावरलो आहोत असं तिनं स्वतःला पटवून दिलं होतं.

"बरं वाटणार असेल तर जरूर जा," अभिनंदन म्हणाला. हात धुता धुता तो मधेच थांबला. "पण त्यात आठवण जाते का गं?"

"आठवण राहते म्हणतात. भीती तेवढी जाते."

"मग ठीक आहे," तो म्हणाला, पण नळ मात्र बराच वेळ चालू राहिला.

त्याच्या विचारण्यामागं कारण होतं. त्यांचा संसारच मुळी त्या आठवणीवर उभा होता.

लग्नाच्या आदल्या साली पद्मजा तासगावच्या एका शीतगृहात बेदाण्याचा दर्जा तपासायचं काम करत होती. अभिनंदन बिरनाळे तिथला तंत्रज्ञ, थंडाव्याची यंत्रं बघायचा. दस्तगीर शिकलगार नावाचा मिरजेचा एक तरुण माल उचलायची विजेवरची गाडी चालवायचा. तेव्हा अशा गोदामांत अजून माणसं काम करत. आता सगळं यंत्रांच्या हातांनी चालतं. एका संध्याकाळी, पाळी संपत आली असताना, छतापर्यंत रचलेला एक लोखंडी रॅक वाकला. त्यानं शेजारच्याला ढकललं, त्यानं पुढच्याला. उभा उसाचा फड वाऱ्यानं लोळावा तसे सगळे रॅक बेदाण्याच्या पेट्यांसकट आडवे झाले. दिवे गेले. आत ही तिघं होती.

पद्मजा दोन रॅकच्या खोपटासारख्या पोकळीत अडकली. तिचा डावा हात एका फटीतून पलीकडं गेलेला होता आणि तो मागं घेता येत नव्हता. अंधार इतका, की डोळे उघडे आहेत की मिटलेले ते कळेना. थंडी हळूहळू हाडांत उतरत होती. अशा वेळी त्या पलीकडच्या हाताला कुणाचा तरी हात लागला आणि त्यानं तिचा हात घट्ट धरला. पेट्या बाजूला करत लोक आत पोचायला सकाळ झाली. त्यांनी पाहिलं तेव्हा फटीच्या पलीकडं अभिनंदन पालथा पडला होता, पाय मोडलेला, आणि त्याच्या मुठीत तिचा हात होता. दस्तगीर त्याच बाजूला, थोडा पलीकडं सापडला. तो जागेवरच गेला असं त्याच्या घरी सांगण्यात आलं.

पुढं सगळं आपसूकच घडत गेलं. पद्मजाचा डावा हात अधूनमधून थरथरायला लागायचा, आणि अभिनंदननं धरला की शांत व्हायचा. ज्या हातानं मरणाच्या दारात सोडलं नाही त्याच्याशी लग्न करायचं नाही तर कुणाशी? घरच्यांनीही दुसरा विचार केला नाही. पुढं दरवर्षी त्या तारखेला पाहुणे जमत, आणि अभिनंदन ती हकिगत सांगे. "मी म्हणत होतो, झोपू नका मॅडम, झोपू नका. तेव्हा मॅडमच म्हणायचो ना हिला." लोक हसत, मग डोळे पुसत.

*

केंद्रातल्या डॉक्टर हुद्दार पन्नाशीच्या, बारीक चणीच्या बाई होत्या. त्यांनी पद्मजाचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही बेदाण्यातल्या ना? मग तुम्हाला समजावणं सोपं आहे."

त्या म्हणाल्या, "आठवण एकदा झाली की ती कपाटात ठेवल्यासारखी तशीच्या तशी राहते, असा आपला समज असतो. तसं नसतं. आठवण वाळलेल्या बेदाण्यासारखी असते. आपण ती काढतो, म्हणजे आठवतो, तेव्हा ती पाण्यात टाकल्यासारखी भिजते, मऊ होते. काही तास ती मऊच राहते. मग मेंदू नवी प्रथिनं तयार करून तिला पुन्हा वाळवतो, पक्की करतो. या मऊ तासांत तिचा आकार बदलू शकतो. हे निसर्गतः रोजच होत असतं. आम्ही फक्त त्या वेळेचा फायदा घेतो."

मेंदूत खोलवर, बदामाएवढा एक भाग असतो. भीतीची गाठ तो मारतो. आठवण मऊ असताना एक गोळी ती गाठ पुन्हा पक्की होऊ देत नाही, आणि डोक्यावर बसवलेल्या टोपीतून सोडलेल्या ध्वनिलहरी नेमक्या त्या बदामाला तेवढ्यापुरतं गप्प बसवतात. पेशंटनं फक्त घडलेलं सगळं सांगायचं. आठवण पुन्हा वाळते तेव्हा घटना तीच असते, पण तिच्यातली भीती उतरलेली असते.

"एक गोष्ट आधीच सांगते," डॉक्टर म्हणाल्या. "फार घाबरलेला माणूस एकाच गोष्टीकडं बघतो. भोवतीचं त्याला दिसत नाही. भीती गेली की त्या आठवणीच्या कडा उजळतात. कधी न आठवलेलं काही आठवायला लागतं. आम्ही त्याला कडेची आठवण म्हणतो. तिच्यातलं काही खरं निघतं. काही मेंदूनं रिकामी जागा भरायला घातलेलं असतं. दोन्ही सारखंच खरं वाटतं. म्हणून तर शमन झालेल्याची साक्ष न्यायालय धरत नाही. हे चालेल ना तुम्हाला?"

पद्मजाला तेव्हा फ्रीजचं दार तेवढं दिसत होतं. ती म्हणाली, "चालेल."

पहिल्या बैठकीत सांगता सांगता ती घामानं भिजली. दुसऱ्या वेळी नुसता आवाज कापला. तिसऱ्या वेळी, आपण दुसऱ्या कुणाचं तरी सांगतोय असं तिला वाटलं. घरी येऊन तिनं फ्रीज उघडला, बर्फ काढला, पाण्यात टाकला आणि पेला दोन्ही हातांत धरून उभी राहिली. गार होता, एवढंच.

शाल्मलीनं दारातून पाहिलं. "तुला गार लागत नाही आता?"

"लागतं की," पद्मजा म्हणाली. "पण नुसतं गारच लागतं."

त्या उन्हाळ्यात त्यांच्या घरी पहिल्यांदा आइस्क्रीम झालं. अभिनंदन वाटी चाटूनपुसून खात होता आणि वारंवार तिच्याकडं बघत होता. घोटाळा त्यानंतरच्या दिवसांत हळूहळू वर आला.

टीव्ही बघताना अभिनंदननं सवयीनं तिचा डावा हात हातात घेतला. एरवी त्या स्पर्शासरशी तिच्या आत काहीतरी सैल व्हायचं. आज सैल व्हायला आत काही आवळलेलंच नव्हतं. तिला त्याच्या हाताचं वजन जाणवलं, अंगठ्याखालचे घट्टे जाणवले, तळव्याचा घाम जाणवला. बसमध्ये शेजारच्या माणसाचा हात चुकून लागावा, तसं. ती तशीच बसून राहिली आणि हात कधी काढून घेतला तर बरं दिसेल याचा विचार करू लागली. मग त्या विचाराचीच तिला लाज वाटली.

"काय गं?" त्यानं विचारलं.

"कुठं काय?"

इतकी वर्षं आपण जिला प्रेम म्हणत आलो ती नुसती भीती उतरल्याची सुटका होती का? डॉक्टरांनी भीतीबरोबर दुसरंही काही उचललं का? की दोन्ही एकच होतं? तिला काही उलगडेना. आणि हे कमी होतं म्हणून की काय, एका दुपारी शाल्मलीच्या गणवेशाला इस्त्री करताना ती कडेची आठवण आली.

अंधार होता, आणि फटीपलीकडून आवाज येत होता. "ताई, झोपू नका. ताई, ऐकताय ना?" आवाज अभिनंदनचा नव्हता. जो हात तिनं धरला होता तो आधी उबदार होता. मग तो गार पडत गेला, त्याची पकड ढिली झाली आणि तो सुटला. मधे खूप वेळ काहीच नव्हतं. मग काहीतरी सरपटत आल्याचा आवाज झाला, आणि दुसरा हात आला.

तिनं इस्त्री बंद केली आणि पलंगावर बसली. भीती वाटली नाही. नुसतं आठवलं, परवा बाजारात काय घेतलं ते आठवावं तसं.

*

अभिनंदनचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं. घरगुती फ्रीज, एसी दुरुस्त करायचा. शीतगृहांची कामं मोठी असत, बोलावणी येत, पण तो घेत नसे. "पाय दुखतो, शिड्या चढवत नाहीत," असं सांगे.

ती त्याच्यासमोर स्टुलावर बसली. "अभि, त्या दिवशी तू मला काय म्हणत होतास?"

"झोपू नका मॅडम." त्यानं हातातलं काम न सोडता सांगितलं.

"ताई नाही?"

तो हसला. "ताई म्हटलं असतं तर आज तू इथं कशी असतीस?"

ती हसली नाही. तिनं आठवलं होतं ते सगळं सांगितलं. ऐकताना त्याच्या हातातला पाना हळूहळू खाली आला.

"म्हणजे मी इतकी वर्षं खोटं सांगतोय?"

"मी असं म्हटलेलं नाही. सकाळी माझा हात तुझ्याच हातात होता, हे सगळ्यांनी पाहिलंय. मी त्याच्या आधीचं म्हणतेय."

"आधीपासून मीच होतो," तो म्हणाला. "मला आठवतंय ना, पद्मा. तुझी बोटं बर्फासारखी झाली होती. मी ती तोंडाजवळ घेऊन फुंकर घालत होतो. दस्तगीर गेला होता बिचारा पहिल्याच दणक्यात. तुझ्या डोक्यात ते यंत्र घालून काहीतरी उलटंपालटं झालंय."

"तसंही असेल."

"असेल काय? आहेच." मग त्यानं विचारलं, "आता माझा हात तुला कसा लागतो?"

तिला खोटं बोलता आलं असतं. पण उत्तर द्यायला जो वेळ लागला, त्यातच ते देऊन झालं होतं. अभिनंदननं पाना उचलला आणि पुन्हा कामाला लागला.

ती पुन्हा डॉक्टरांकडं गेली. "यातलं खरं कुठलं?" तिनं विचारलं.

"मला सांगता येणार नाही," डॉक्टर हुद्दार म्हणाल्या. "कुठलंच यंत्र सांगू शकत नाही."

"मग त्यांची आठवण तरी खरी धरू का? त्यांचं शमन झालेलं नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला. "तुमचे मालक ही गोष्ट दरवर्षी सांगतात म्हणालात. म्हणजे दरवर्षी ती भिजते आणि पुन्हा वाळते. ऐकणारे जिथं डोळे पुसतात तिथं ती थोडी ठळक होते. ते खोटं बोलत नसतील. पण त्यांची आठवणही आता पहिल्या दिवसाची नाही. आणि मोडका पाय घेऊन अंधारात पडलेल्या माणसाला वेळेचं भान किती असणार? थोडा वेळ धरलेला हात त्याला रात्रभर धरल्यासारखा वाटू शकतो."

"मग मी काय करू?"

"याला औषध नाही हो माझ्याकडं," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाजही थोडा ओशाळलेला वाटला. "भीती काढता येते. खात्री देता येत नाही."

परतीच्या बसला चालक नव्हता. ती आपली आपण वळणं घेत निघाली होती. पद्मजा खिडकीशी बसून विचार करत होती. मी लग्न केलं ते कुणाच्या हाताशी? पहिला हात दस्तगीरचा असेल, तर तो जागेवर गेला नव्हता. तो बराच वेळ जिवंत होता, आपला जीव जात असताना दुसऱ्याला जागं ठेवत होता, आणि हे जगात तिच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि नसेल, तर तिच्या मेंदूनं एका मेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घातले होते. दोन्हींपैकी काहीही असलं तरी हे घेऊन गप्प बसणं तिला जमेना.

*

दस्तगीरची आई, हलीमाबी, मिरजेत दर्ग्याच्या मागच्या गल्लीत धाकट्या मुलाकडं राहत होती. म्हातारी अंगानं वाळलेली, पण ताठ होती. पद्मजानं आपण कोण ते सांगितल्यावर तिनं चटई टाकली.

"बसा की. तुम्ही वाचलेल्या बाई. लग्नाला मी आले न्हाई, पर दुवा धाडली होती."

सरबत आलं, बर्फ घातलेलं. ते पिता पिता पद्मजानं कशीबशी सुरुवात केली. शमन काय असतं तिथपासून सगळं सांगितलं, आणि पुन्हा पुन्हा म्हणाली, "मला खात्री नाही. हे माझ्या मेंदूनं रचलेलंही असेल." हलीमाबीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तिचा चेहरा हळूहळू मिटत गेला.

"माझा दस्तगीर कुणाला ताई म्हणत नव्हता," ती म्हणाली. "घरात आपा, बाहेर बहेन."

"मग माझीच चूक असेल."

"असंल." म्हातारीनं दाराकडं बघितलं. "जागेवर गेला, काही कळलं न्हाई त्याला, असं समदे बोलले. त्येच्यावर मी इतकी सालं निजले, बाई. आता तुम्ही सांगताय की तो थंडीत पडून होता. जिता होता. आनि वर म्हणताय खात्री न्हाई. मग सांगायला कशापायी आलासा?"

पद्मजानं सरबताचा पेला खाली ठेवला. ती उठली. दारात चपला घालताना तिला वाटलं, आपण आपलं ओझं एका म्हातारीच्या डोक्यावर ठेवून निघालो आहोत. भीती गेल्यामुळं तर ही हिंमत आली नाही ना? पूर्वीची पद्मजा इथं यायला घाबरली असती, आणि ते घाबरणंच बरोबर ठरलं असतं.

घरी तिनं अभिनंदनला सगळं सांगितलं. तो चिडेल असं तिला वाटलं होतं. त्यानं एवढंच विचारलं, "त्यांना कुणाची सोबत आहे का तिथं? एकट्या नाहीत ना?"

पुढचे काही दिवस त्या घरात सगळे जपून वागले. शाल्मलीसुद्धा हळू बोलायला लागली. अभिनंदननं पद्मजाचा हात धरला नाही, आणि तो धरत नाही याचं आपल्याला बरं वाटतंय की वाईट, हे तिला ठरवता आलं नाही. मग एका सकाळी फोन आला. हलीमाबीचा होता.

"तुमच्या मालकांना घेऊन या," ती म्हणाली. "ते बी तिथं होते न्हवं? मला त्येंच्या तोंडून ऐकायचंय."

पद्मजानं अभिनंदनकडं पाहिलं. तो नाही म्हणेल, असं तिला वाटलं. पायाचं कारण सांगेल.

"रविवारी जाऊ," तो म्हणाला. शाल्मलीला त्यांनी आत्याकडं सोडलं.

वाटेत तिनं त्याला म्हटलं, "तुला आठवतं तेच सांग. माझ्यासाठी काही बदलू नकोस."

"मी कशाला बदलीन?" तो म्हणाला.

या वेळी चटई आधीच टाकलेली होती. हलीमाबीनं अभिनंदनला समोर बसवलं आणि बराच वेळ त्याच्या दुखऱ्या पायाकडं बघत राहिली.

"ह्या बाई आल्या त्या दिशी मला राग आला," ती म्हणाली. "दोन दिस जेवले न्हाई. मग माझ्या मनानं दुसरंच घेतलं. जागेवर गेला म्हंजी काही न बोलता गेला. शेवटाचा बोल आपल्या कानावर आला न्हाई म्हणून मी किती रडलेय, ते अल्लाला ठाऊक. आता ही सांगते की तो बोलला. कुणाला तरी धीर देत गेला. हे खरं असंल तर मला त्ये हवंय, बाबा. नसंल तर तसं सांगा. मी म्हातारी हाय, झेपंल मला. तो जिता होता का?"

खोलीत पंखा फिरत होता. अभिनंदननं दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. हीच हकिगत त्यानं कितीतरी वेळा सांगितली होती, नातेवाइकांत, मित्रांत, शाल्मलीच्या शाळेत. त्याच्याजवळ असलेली सगळ्यांत मोठी गोष्ट तीच होती. दुसरं त्यानं असं काही केलंच नव्हतं, की लोकांनी गप्प बसून ऐकावं.

"होय," तो म्हणाला. "जिवंत होता."

पद्मजानं त्याच्याकडं झटकन पाहिलं.

"मी लांब पडलो होतो. माझा पाय अडकला होता, हलता येत नव्हतं." तो थांबत थांबत बोलत होता, वाट नवी असावी तसा. "त्याचा आवाज येत होता मला. हिला म्हणत होता, झोपू नका. बराच वेळ म्हणत होता. शेवटी शेवटी आवाज बारीक झाला. मग थांबला. तेव्हा मी कसाबसा पाय सोडवला, ओढत तिकडं सरकलो आणि हिचा हात धरला. तोवर त्यानं धरला होता."

"कण्हत होता का?"

"नाही. नुसता बोलत होता."

"ताईच म्हणत होता?"

अभिनंदन घुटमळला. "मला ताईच ऐकू आलं. पण लांबून आवाज येत होता. बहेन म्हणाला असेल."

हलीमाबीनं पदर तोंडाला लावला. ती रडली, पण तिचं रडणं ऐकून पद्मजाला गेल्या वेळेसारखं पळून जावंसं वाटलं नाही. थोड्या वेळानं म्हातारी उठली, आत गेली आणि त्यांना जेवून जायला सांगितलं. नको म्हणायची सोय नव्हती.

*

परत जाताना बस जवळजवळ रिकामी होती. सांगली मागं पडली. बाहेर द्राक्षबागा लागल्या. बेदाणा वाळवायच्या शेडवरच्या हिरव्या जाळ्या वाऱ्यावर हलत होत्या.

"खरं सांगितलंस का?" शेवटी पद्मजानं विचारलं.

अभिनंदन हाताच्या नखाकडं बघत होता. "सुरुवात केली तेव्हा त्यांच्यासाठीच केली. म्हटलं, म्हातारीला हवंय ना, घेऊ दे. पण मधेच, तो आवाज बारीक होत गेला असं सांगताना, मला खरंच ऐकू यायला लागलं. आता ते मला आठवलं, की मी ते तिथंच बसल्या बसल्या रचलं, हे तू विचारलंस तरी मला सांगता येणार नाही."

"डॉक्टर म्हणतात..."

"माहीत आहे काय म्हणतात ते. तू सांगितलं होतंस." तो कसनुसा हसला. "आता पुढच्या वेळी मला हे असंच आठवेल. पहिलं काही असलं, तरी ते आता माझ्याकडं राहायचं नाही."

"वाईट वाटतंय?"

"हो," तो म्हणाला. "खूप."

ती त्याच्याकडं बघत राहिली. कानाच्या मागं केस पांढरे व्हायला लागले होते, ते तिला आज दिसले. ज्या अंधारात तिनं याला निवडलं होतं, तिथं हा माणूस नव्हता. तिथं एक हात होता, आणि तो कुणाचा होता हे आता कधीच कळणार नव्हतं. पण आज दुपारी, लख्ख उजेडात, तिच्या डोळ्यांसमोर, तो हात ज्यानं दस्तगीरच्या नावावर देऊन टाकला तो हाच होता. यात आठवणीचा प्रश्न नव्हता. तिनं आत्ता पाहिलं होतं.

तिच्या आत काहीतरी हललं. पूर्वी त्याच्या स्पर्शानं सैल व्हायचं, ते हे नव्हतं. हे वेगळंच होतं, कोवळं, थोडं दुखणारं. याला प्रेम म्हणावं तर फार लवकर होईल असं तिला वाटलं, आणि इतक्या वर्षांच्या संसारानंतर लवकर कसं म्हणायचं, तेही तिला कळेना. किंवा ही नुसती दया असेल. किंवा उपकाराची जाणीव. तिला पूर्वीसारखं काही चटकन ओळखताच येत नव्हतं.

बस तासगावात शिरली.

"उतरल्यावर कुठंतरी चहा घेऊ या का?" ती म्हणाली.

"चहा? शाल्मली आत्याकडं वाट बघत असेल."

"बसेल थोडा वेळ. मला तुझ्याशी बोलायचंय."

अभिनंदननं जरा धास्तावून तिच्याकडं पाहिलं. "कशाबद्दल?"

"माहीत नाही," पद्मजा म्हणाली. "अजून काही ठरवलेलं नाही."